छत्तीस टोप्या

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली टोपी अडली.

आमच्या कारखान्यात ड्रोनच्या मोटरी बनतात. मोटरीचा जो भाग गरगर फिरतो त्याला इंजिनिअर लोकांचं लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला टोपी म्हणतो, कारण ती दिसतेच तशी. औषधाच्या बाटलीच्या झाकणापेक्षा थोडी मोठी, पोलादाची, आणि आतल्या भिंतीला डिंकाने चिकटवलेले चौदा चुंबक. हे चुंबक टोपीच्या काठापासून बरोबर अर्धा मिलिमीटर आत असावे लागतात. ते काठापर्यंत आले तर मोटर घासते, तापते, आणि ड्रोन हवेत असताना बंद पडते. हे चुंबक तपासणं माझं काम. पितळी गेज, म्हणजे मापाची चकती, टोपीच्या तोंडात बसवायचं. बसलं तर पास, अडलं तर नापास. चिकटवल्यावर एकदा, आणि वाळून कपाटातून बाहेर आल्यावर पुन्हा एकदा.

पहिली अडली तेव्हा मी गेजच पुसून घेतलं. दुसरी अडली तेव्हा चष्मा पुसला. अकरावी अडल्यावर मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

दहा वाजेपर्यंत सगळ्या एकशे शहाण्णव टोप्या तपासून झाल्या. एकशे साठ पास, छत्तीस नापास. वाईट हे, की शनिवारी संध्याकाळी याच एकशे शहाण्णव टोप्या मी स्वतः तपासून पास केल्या होत्या. तक्त्यावर प्रत्येकीपुढे माझी खूण होती आणि खाली माझी सही. त्यानंतर त्या कपाटात गेल्या, कपाटाला कुलूप लागलं आणि रविवारची सुट्टी होती. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं.

मॅडम खाली आल्या. या कारखान्याच्या मालकीण त्याच. त्यांनी एक नापास टोपी उचलली, खिडकीपाशी नेऊन बघितली, तक्ता बघितला आणि माझ्याकडे बघितलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत.

"खरं सांग. शनिवारी तू सगळ्या मोजल्या होत्यास ना?"

२

हे त्यांनी का विचारलं, ते मला कळत होतं.

शनिवारी छकुलीला ताप होता. छकुली माझी मुलगी, आठ महिन्यांची. कारखान्याच्या मागच्या खोलीत पाळणे टाकलेत, एक बाई मुलांना बघते. तिथून मला दुपारनंतर दोनदा बोलावणं आलं होतं. त्या दिवशी मी चार टोप्या नापास केल्या होत्या. त्या अर्थी मोजत होते, असं मी मनाशी म्हटलं. मग तक्ता नीट बघितला. चारही नापास टोप्या जेवणाच्या सुट्टीच्या आधीच्या. दुपारनंतर एकही नाही. दुपारनंतर मी खरंच गेज बसवत होते, की हात आपोआप खुणा करत होता आणि कान पाळणाघराकडे होते? आठवायला गेलं की प्रत्येक टोपी मागच्या टोपीसारखीच आठवायची.

मॅडमनी दोन खोल्यांत हे सगळं सुरू केलं तेव्हा दिवसाला वीस मोटरी व्हायच्या आणि लोक त्यांना हसायचे. तोवर असल्या मोटरी बोटीतून बाहेरच्या देशातूनच यायच्या. बोट दोन महिने आली नाही आणि हसणारे थांबले. पिकांवर फवारणी करणारे ड्रोन बनवणाऱ्या एका कंपनीने आता मोठं काम देऊ केलं होतं. आमच्या साठ टोप्या दिवसाला होत होत्या, त्या दोनशेवर गेल्या. नवी टेबलं आली, नवी माणसं आली, मोजकी जुनी माणसं एकदम 'अनुभवी' झाली. बुधवारी त्या कंपनीचा तपासनीस येणार होता.

"बुधवारी त्याला कारण सांगावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि सगळ्यात सोपं कारण तू आहेस. मी रागावले नाहीये. तू थोडे दिवस घरी राहा, बाळाकडे बघ. गेजवर नव्या मुलीला बसवते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अशा प्रेमाने घरी पाठवलेल्या बायका परत आलेल्या मी पाहिल्या नाहीत. पदवी घेऊन तीन वर्षं घरी बसल्यावर हे टेबल मला मिळालं होतं. मी एक दिवस मागितला.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "उद्या सकाळपर्यंत," त्या म्हणाल्या. मग जाता जाता थांबून, "कपाटाची किल्ली मावशींकडेच असते ना?"

मी हो म्हटलं. कारखान्यात सगळे ज्यांना मावशी म्हणतात, त्या माझ्या सासूबाई.

३

आधी मी फाटकावर गेले. रविवारी कोण आलं होतं, ते तिथल्या वहीत असतं. एकच नाव होतं. सकाळी अकराला आत, एकला बाहेर. डिंकमास्तर.

टोपीत चुंबक चिकटवायचे ते डिंकमास्तर. पन्नाशीचे, बोटं कायम पिवळट. गेल्या महिन्यात मॅडमनी डिंक सोडणारं यंत्र आणलं तेव्हापासून त्यांचं तोंड वाकडं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ते त्या यंत्राला रोज म्हणायचे. डिंक बिघडवून किंवा चुंबक हलवून कुणाला सूड घ्यायचाच असेल, तर सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं. माझंही बोट तयार होतं.

मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, चष्मा विसरला होता तो न्यायला आलो. चष्मा शोधायला दोन तास लागले का, असं विचारल्यावर ते काही वेळ डिंकाची बाटली फिरवत राहिले. मग मला यंत्रापाशी घेऊन गेले आणि यंत्राखालचा डबा ओढून दाखवला. डब्यात भंगारातल्या पंचवीस-तीस टोप्या होत्या. प्रत्येकीत डिंकाची रेघ होती. पहिल्या काही टोप्यांत ती लहान मुलाने काढल्यासारखी, पुढे पुढे बऱ्यापैकी सरळ.

"शिकत होतो," ते हळू म्हणाले. "चार पोरांसमोर चुकायचं म्हणजे... या वयात नको वाटतं, सूनबाई. कुणाला सांगू नका."

मी त्यांना डिंकाबद्दल विचारलं. शनिवारचा डिंक रोजचाच होता, मिसळलाही त्यांनीच. वीस मिनिटांत धरतो. धरला की मी गेज लावते. पण पुरता कडक व्हायला एक दिवस लागतो, हे त्यांनी असंच, बोलण्याच्या ओघात सांगितलं. मीही ते तसंच ऐकलं.

"आणि कपाटाला मी हात लावला म्हणत असाल, तर किल्ली कुठे होती माझ्याकडे?" ते म्हणाले. "किल्ली कुणाच्या कमरेला असते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

४

सासूबाई रोज दुपारी पाळणाघराच्या पायरीवर डबा खातात. छकुली त्यांच्या मांडीवर होती; तिचा ताप उतरला होता आणि ती त्यांच्या कमरेची किल्ली चोखायच्या प्रयत्नात होती.

सासूबाई इथे माझ्या आधीपासून आहेत, अगदी दोन खोल्या होत्या तेव्हापासून. तपासलेल्या टोप्या वाळायला मांडून ठेवायच्या, कुलूप लावायचं आणि दुसऱ्या दिवशी काढून टेबलावर आणायच्या, हे त्यांचं काम. टोपीत धुळीचा एक कण गेला तरी मोटर कुरकुरते. सासूबाईंनी मांडलेल्या टोप्यांत धूळ सापडली, असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. त्यांच्या कामाबद्दल त्यांना विचारणं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकात मीठ पुन्हा घालण्यासारखं.

मी तरी विचारलं. किल्ली रविवारी कुठे होती? त्यांच्या कमरेला. झोपताना? उशीखाली. सकाळी कपाट उघडलं तेव्हा काही वेगळं दिसलं? नाही. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी टोप्या काढून टेबलावर एकत्र ओतल्या, पुढचं माझं काम.

"मांडल्या कशा होत्या, आई?"

"नेहमीसारख्याच," त्या म्हणाल्या. "मांडायच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात का?"

मग छकुलीच्या तोंडातून किल्ली काढून घेत त्या म्हणाल्या, की मॅडमनी तुला काय सांगितलं ते मला कळलंय. घरी राहायचं असलं तर राहा; नसलं राहायचं, तर माझ्याकडे बघत बसू नकोस, टोप्यांकडे बघ.

त्यांचं हे असंच असतं. बोलणं लागतं, पण त्यात कामाचं काहीतरी असतं. मी परत येऊन त्या छत्तीस टोप्या उजेडात एका रांगेत ठेवल्या आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. सकाळी मी फक्त गेज अडतंय का, एवढंच बघितलं होतं. ते कुठे अडतंय, हे बघितलंच नव्हतं.

५

छत्तीस टोप्या, प्रत्येकीत चौदा चुंबक. म्हणजे पाचशे चार. मी भिंग घेऊन एकेक बघत गेले.

मी गेज न लावता खुणा केल्या असत्या, तर नापास टोप्या हरतऱ्हेच्या निघाल्या असत्या. एखादा चुंबक वर, एखादा तिरका, बाकीचे ठीक. माणसाचा हात चुकतो तो असाच. कुणी मुद्दाम सुई घालून चुंबक सरकवले असते तरी तेच. पण इथे पाचशे चारच्या पाचशे चार चुंबक बरोबर अर्धा मिलिमीटर सरकले होते. काठाशी इतके सपाट, की टोपीच्या तोंडावर बोट फिरवलं तर काठ कुठे संपतो आणि चुंबक कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. असं काम कुठल्याच हाताचं नव्हे. ते काठाच्या बाहेर आले नव्हते आणि आतही राहिले नव्हते. जिथे काहीतरी सपाट आडवं आलं, तिथे थांबले होते.

म्हणजे शनिवारी मी मोजल्या तेव्हा त्या बरोबर होत्या. हे कळलं तेव्हा मी उठून पाणी प्यायले. पण हे मला पटलं होतं. मॅडमना पटायला आणखी काहीतरी हवं होतं.

मग तो आकडा. छत्तीसच का? एकशे साठ पास झालेल्या कुठल्या? मी कपाटापाशी गेले. वरच्या खणांत लाकडी ताटं होती, बोटभर जाड. एकेकात वीस टोप्या बसतात. ताटं मोजली. आठ. आठ विसे एकशे साठ.

साठ टोप्या व्हायच्या तेव्हा तीन ताटं पुरायची. दोनशेचं काम आल्यावर मॅडमनी आणखी करवून घेतली, पण सुताराने आठच आणून दिली होती. बाकीच्या छत्तीस टोप्या शनिवारी कुठे ठेवल्या असतील? ज्यांच्यासाठी ताट नव्हतं त्या.

हे कपाटही नवंच. आधी टोप्या कुलूपबंद खोलीत लाकडी मांडणीवर वाळायच्या. तपासनीसाला कुलपाचं कपाटच हवं म्हणून मॅडमनी शुक्रवारी हे आणलं. पोलादाचं. शनिवारी ते पहिल्यांदाच भरलं. मी सगळ्यात खालचा खण बघायला गुडघ्यांवर बसले. गंज चढू नये म्हणून दुकानातूनच चोपडलेला तेलाचा पातळ थर अजून पत्र्यावर होता. त्यावर उजेड तिरका पडला आणि मला ती वर्तुळं दिसली. बारीक, पूर्ण, कंपासने काढल्यासारखी. सहा-सहाच्या सहा रांगा.

टोपी उताणी ठेवली तर तिच्या पाठीचा भरीव ठसा उमटतो. ही तर नुसती कडी होती. काठाची. म्हणजे टोप्या तोंड खाली करून ठेवलेल्या होत्या. आत चौदा चुंबक, डिंक अजून ओलसर, खाली अर्ध्या मिलिमीटरवर पोलाद, आणि मध्ये रविवारचा पूर्ण दिवस.

धुतलेली भांडी उपडी ठेवतात. ताटात असो की पत्र्यावर, घरात असो की कारखान्यात, सासूबाई कुठलंही भांडं उपडंच ठेवतात, धूळ जाऊ नये म्हणून. त्या खरं बोलल्या होत्या. नेहमीसारखंच मांडलं होतं.

मी तशीच खाली बसून राहिले. माझं टेबल वाचवायला मला आता एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते सासूबाईंबद्दल होतं.

६

मी ते वाक्य बोलले नाही. आधी खात्री करायची, असं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं.

डिंकमास्तरांकडून मी सहा टोप्या नव्याने चिकटवून घेतल्या. वीस मिनिटांनी गेज लावलं, मॅडमना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा लावलं. सहाही पास. मग मी सांगितलं, की या आज रात्रभर कपाटात राहतील. दोन ताटात उपड्या, दोन खालच्या पत्र्यावर उताण्या, दोन पत्र्यावर उपड्या. का ते उद्या सांगते. मॅडमनी विचारलं नाही. मांडायला मी सासूबाईंनाच बोलावलं.

त्यांनी मांडल्या. शेवटच्या दोन टोप्या पत्र्यावर उपड्या ठेवताना त्यांचा हात थांबला. पत्र्याजवळ गेल्यावर टोपी हातातून ओढली जाते, टक्कन बसते. ते त्यांना शनिवारी छत्तीस वेळा जाणवलं असणार, आणि चुंबक आहे म्हटल्यावर ओढणारच, असं वाटून त्यांनी सोडून दिलं असणार. आता त्या टोपीकडे बघत राहिल्या, मग तेलातल्या वर्तुळांकडे, मग माझ्याकडे. मग त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला न खोवता मॅडमच्या हातात दिली.

घरी त्यांनी रोजच्यासारखा स्वयंपाक केला. छकुलीला निजवलं. मीही विषय काढला नाही. एकाच खोलीत वावरताना माणसं एकमेकांना किती टाळू शकतात, ते त्या संध्याकाळी कळलं.

मंगळवारी सकाळी कपाटासमोर आम्ही चौघं होतो. डिंकमास्तर कुणी न बोलावता आले होते. मॅडमनी किल्ली कुलपात घातली. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"उघडायच्या आधी सांगते," त्या म्हणाल्या. "खाली उपड्या आहेत त्या दोन नापास होतील. बाकीच्या होणार नाहीत. शनिवारच्या छत्तीस तशाच ठेवल्या होत्या. मी ठेवल्या. हिने बरोबर मोजलं होतं."

मॅडमनी टोप्या काढल्या आणि गेज माझ्या हातात दिलं. ताटातल्या दोन बसल्या. उताण्या दोन बसल्या. उपड्या दोन अडल्या, काठाशी सपाट.

मग मी सगळं सांगितलं. पाचशे चार चुंबक, आठ ताटं, वर्तुळं, आणि वीस मिनिटांत धरणारा पण दिवसभर पुरता कडक न होणारा डिंक. ते सांगायला फार वेळ लागला नाही. डिंकमास्तर मान हलवत म्हणाले, की मग चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण. मॅडम म्हणाल्या, चोर नव्हताच.

त्या कपाटाच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. "शनिवारी जो तो तेच करत होता, जे आजवर करत आलाय," त्या म्हणाल्या. "डिंक तोच, हात तेच, मांडणी तीच. वाढवलं फक्त मी. कपाट मी आणलं, ताटं कमी पडतील हे मी बघायला हवं होतं. उद्या तपासनीसाला हेच सांगेन." मग सासूबाईंकडे वळून, "तुम्ही हाताने जे जे करता ते सगळं मला कागदावर हवंय. पुढच्या महिन्यात दहा नवी माणसं येतायत, त्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगा, ही लिहील."

"सगळं म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळं."

"आठवडा जाईल."

"जाऊ दे," मॅडम म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या की दुपारपासून गेजवर बस, त्या छत्तीस पुन्हा चिकटवून घ्यायच्यात. काल काय ठरलं होतं त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही आठवण करून दिली नाही.

७

पाच वाजता आम्ही दोघी घरी निघालो. छकुली माझ्या खांद्यावर झोपली होती. रस्त्याच्या कडेने दुकानं उघडी होती, उजेड होता, आणि सासूबाई नेहमीपेक्षा हळू चालत होत्या.

"मला वाटलं होतं, काल दुपारीच मॅडमना सांगशील," त्या म्हणाल्या.

सांगणार होते, असं मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल सकाळी तुझ्याकडे यायच्या आधी मॅडमनी मला बोलावलं होतं. विचारलं, तुमच्या सुनेने शनिवारी खरंच मोजलं का."

मी चालता चालताच विचारलं, "तुम्ही काय सांगितलं?"

"मला माहीत नाही, असं सांगितलं."

कुणाचीही सासू हो म्हणाली असती. निदान चारचौघांत.

"माझी तुझ्याकडे पाठ असते," त्या म्हणाल्या. "तू मोजतेस की नाही ते मला दिसत नाही. न बघितलेलं बघितलं म्हणून कसं सांगू? तू माझी सून आहेस म्हणून तर मुळीच सांगता येईना. रात्री झोप लागली नाही मला."

राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं, आणि मला ते आवडलं नसतं.

"बरोबर सांगितलंत," शेवटी मी म्हटलं. "पण मला वाईट वाटलंय."

"वाटणारच," त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केले आणि छकुलीला अलगद माझ्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतलं, ती जागी न होता. "आज लवकर झोप. मॅडम म्हणत होत्या, ताटं आली की रोज दोनशे चाळीस करायच्यात."

मी हिशोब केला. दोनशे चाळीस म्हणजे बारा ताटं. सुताराला उद्याच सांगायला हवं होतं.